चांदाची तारीख

आमचे मौलाना माणसांवर विश्वास ठेवत नसत, आणि कागदांवर तर त्याहून कमी. कोणी चिठ्ठी आणून दिली की ते आधी ती उजेडात धरत, मग उलटी करून मागची बाजू बघत, आणि शेवटी आणणाऱ्याला विचारत, "तुले कोनी धाडं?" धाडणाऱ्याचं नाव चिठ्ठीत ठळक लिहिलेलं असे. तरी विचारत. दोन्ही नावं जुळली की "बरं" म्हणत, पण तेही असं, की जुळली म्हणजे दोघांनी आधीच ठरवून ठेवलं असणार.

ते मूळचे एरंडोलकडच्या एका खेड्यातले. उमेदीची बारा वर्षं उत्तर प्रदेशातल्या मदरशांमध्ये काढून आले होते. वर्गात, मशिदीत, कमिटीच्या बैठकीत त्यांची उर्दू ऐकत राहावी अशी. मात्र संशय आला की ती उर्दू गळून पडे आणि लहानपणची अहिराणी वर येई. मुलं त्यावरूनच अंदाज बांधत. मौलाना 'क्यों' म्हणाले तर निभावलं, 'काय शे रे?' म्हणाले तर मेलो.

मदरसा जळगावबाहेर, नशिराबादच्या रस्त्याला. रावेर, यावल, चोपडा, पार धुळ्याकडची ऐंशी मुलं पत्र्याच्या ट्रंका घेऊन तिथे राहायची, कुराण पाठ करायची, अरबी-फारसी शिकायची. मुलांना निदान एस.टी.ची पाटी आणि रेशनकार्ड वाचता यावं म्हणून कमिटीने मराठी आणि गणिताला एक मास्तर ठेवायचं ठरवलं. मी मराठी शाळेत शिकलेला, बी.ए. होऊन घरी बसलेला, शिवाय मुसलमान. मास्तर मिळाला.

पहिल्याच दिवशी मौलानांनी मराठीचं पुस्तक माझ्याकडून काढून घेतलं. तीन दिवस स्वतः वाचलं. चौथ्या दिवशी मला बोलावून एका धड्यावर बोट ठेवलं.

"मास्टर, हा इसम नदीकाठी एकटा काबरं बसेल शे?"

"निसर्ग बघतोय, मौलाना."

"कामधंदा काय करतो?"

"ते धड्यात दिलेलं नाही."

"मग हा धडा राहू द्या," ते म्हणाले. मी तो राहू दिला. आजही कुठे नदीकाठी कोणी एकटा बसलेला दिसला की हा काय करत असेल, असं माझ्या मनात येतंच.

पहाटेच्या नमाजला सगळी मुलं उठली की नाही हे ते हजेरी घेऊन बघत नसत. हजेरीला एक पोरगा दुसऱ्याच्या नावाने ओ देतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते मशिदीच्या दाराशी चपला मोजत. काही वर्षांनी त्यांना शंका आली की एखादा चप्पल ठेवून परत जाऊन झोपत असेल, तेव्हापासून ते आत जाऊन पाय मोजू लागले. भटारखान्यातली डाळ मुलांच्या ताटात पडण्याआधी स्वतः चाखत, आणि आचाऱ्याने आधी चाखली आहे का हेही विचारून घेत. पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलासमोर डोळे मिटून बसत. झोपले असं समजून पोरगं एखादी ओळ गाळू बघे, आणि डोळे न उघडता मौलाना गाळलेली ओळ म्हणून दाखवत.

त्यांचा खरा कडकपणा तारखेचा. कुठल्याही कागदावर आधी चांदाची तारीख, म्हणजे आमच्या हिजरी महिन्याची, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात इंग्रजी. दुधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा. मी एकदा रजेचा अर्ज नुसत्या इंग्रजी तारखेने दिला, तर तो परत आला. "ये कौनसा दिन है? मैं इस दिन को नहीं जानता," मौलाना म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

एका वर्षी एकोणतिसाव्या रोजाला आभाळ ढगाळ होतं आणि नशिराबादचे दोन इसम ईदचा चांद दिसला म्हणत धावत आले. रस्त्यात फटाके सुरू झाले होते. मौलानांनी दोघांना दोन खोल्यांत बसवलं आणि एकेकाला विचारत सुटले. टोकं कुठल्या बाजूला होती? पाण्याच्या टाकीच्या डावीकडे की उजवीकडे? आधी कोणी बघितला, आणि दुसऱ्याने कोणाच्या सांगण्यावरून मान वर केली? अर्ध्या तासात त्यातला एक रडकुंडीला येऊन म्हणाला, "मौलाना, माले दिसना नही, यानी सांगं म्हनीसन मी हो म्हनं." झालं, आमचा तिसावा रोजा पक्का झाला. शिरखुर्म्याचं दूध आणून बसलेल्या आयाबायांनी त्या रात्री मौलानांना काय काय म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते तेरा-चौदा वर्षं तिथे होते आणि तेवढ्या काळात आमच्या ईदची तारीख एकदाही चुकली नाही, हे मात्र त्यांचे दुष्मनही मान्य करत.

लोक त्यांच्याकडे फतवा मागायला येत. त्याची एक रीत आहे. प्रश्न कागदावर लिहून द्यायचा, पण खरी नावं घालायची नाहीत. नवरा असेल तर त्याला जैद म्हणायचं, बायको असेल तर हिंदा. 'जैद हिंदाला अमुक शब्द बोलला, आता काय?' उत्तर देणाऱ्याने जेवढं लिहिलंय तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, जैद कोण हे विचारायचं नाही. बाकीचे मौलवी विचारत नसत. आमचे विचारत. "हा जैद बरा दिसत नही. भुसावळना शे का?" समोरचा कपाळावरचा घाम पुसे, आणि बहुतेक वेळा तो स्वतःच जैद असे.

शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पोटगीचा तो निकाल लागून देशभर गदारोळ चालला होता. कोर्टाने मुसलमान बाईला पोटगी दिली, म्हणजे कोर्ट आमच्या घरात शिरलं, असं मौलाना जुम्म्याच्या भाषणात सांगत. "आज पोटगी. कल पूछेंगे निकाह कैसे पढ़ा. परसों जनाजे में खड़े होकर बोलेंगे, सफ टेढ़ी है." सफ म्हणजे नमाजची रांग. लोक डोलत. मीही डोलत होतो, खोटं कशाला बोलू. त्याच दिवसांत कायदा बदलावा म्हणणारी मुसलमानांतलीच काही तरुण मंडळी पुण्याहून जीप घेऊन आली. मौलानांनी त्यांना बसवून चहा मागवला. कप आले तसे त्यांनी प्रत्येक कपातला एकेक घोट बशीत ओतून स्वतः पिऊन दाखवला. "कल अखबार में आएगा कि मौलवी ने जहर दिया," ते म्हणाले. पाहुण्यांपैकी एक बाई होती. तिने विचारलं, "टाकलेल्या बाईने खायचं काय, मौलानासाहब?" मौलाना म्हणाले, "आपको किसने भेजा है?" बाई म्हणाली, कोणीच नाही. यावर मात्र त्यांनी अजिबात विश्वास ठेवला नाही.

मग कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला. मराठीतून निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'आमच्या माता-भगिनींना कोर्टाची पोटगी नको आहे, त्या शरियतमध्ये सुखी आहेत,' असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. वाक्य मला स्वतःलाच आवडलं. मौलानांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. कचेरीत शिपायाच्या हाती द्यायला ते तयार होईनात. साहेब बाहेर येऊन सही देईपर्यंत ऐंशी मुलं उन्हात रांगेत उभी राहिली, आणि निवेदन मिळाल्याची पोच घेऊनच आम्ही हललो.

तीन वर्षांनी माझी आपा, म्हणजे थोरली बहीण, दीड वर्षाच्या पोरीला, मुन्नीला, कडेवर घेऊन रावेरहून परत आली. तिच्या सासऱ्यांचा केळीचा मोठा व्यापार, पाच-सहा ट्रक. सगळे त्यांना शेठ म्हणत, आणि मदरशाच्या कमिटीचे ते अध्यक्ष होते. दुल्हेभाईंचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, बऱ्हाणपूरला दुसरं लग्न जमत होतं. त्यांनी आपाला एस.टी.त बसवून दिलं आणि मागून निरोपही पाठवला नाही. वडील आमचे हयात नव्हते, माझा मदरशातला पगार तो केवढासा. अम्मी धड जेवत नसे, आणि आपा शेजाऱ्यांचे ब्लाउज शिवायला घेत होती.

मी रीतीप्रमाणे प्रश्न लिहिला. 'जैदने हिंदाला तलाक न देता घराबाहेर काढलं आहे. तिचा खर्च कोणावर?' मौलानांनी कागद उजेडात धरला, अक्षर पाहिलं. अक्षर माझं होतं. त्या वेळी त्यांनी जैद कुठला हे विचारलं नाही. सबंध नोकरीत मी पाहिलेली ती एकच वेळ. निकाह आहे तोवर हिंदाचा खर्च जैदवर वाजिब, म्हणजे बंधनकारक, आहे, असं उत्तर लिहून त्यांनी शिक्का मारला. शिक्का ते गळ्यात दोरी बांधून सदऱ्याच्या आत ठेवत. आंघोळीलाही काढत नसत म्हणे.

तो कागद घेऊन मी शेठकडे गेलो. शेठनी वाचला, कपाळाला लावला आणि परत दिला. म्हणाले, "माशाल्ला. पण यात माझ्या पोराचं नाव कुठंय?"

मग मी वकील गाठला. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहणारे नाना. शेतकऱ्याच्या घरातले, मोठ्याने बोलणारे, फी उशिरा मागणारे. त्यांनी उर्दू फतव्याचा माझ्याकडून तर्जुमा करून घेतला आणि चष्मा कपाळावर नेला. "हा जैद कोण? याला सामनेवाला करायचं का?"

"नाना, जैद म्हणजे दुल्हेभाई."

"आणि हिंदा?"

"आपा."

"मास्तर," नाना म्हणाले, "हे तुम्ही घरी फ्रेम करून लावा. कोर्टात नका आणू."

नानांनी पोटगीचा अर्ज लावला. तलाक न देता टाकलेल्या बायकोला, मग ती कोणत्या का धर्माची असेना, दरमहा पोटगी मिळत होती. पण त्या गदारोळानंतर जो नवा कायदा आला होता, त्यात तलाक झालेल्या मुसलमान बाईला नवऱ्याकडून इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर थांबायच्या, तीन महिन्यांपुरताच खर्च, असाच अर्थ तेव्हा आमच्याकडची कोर्टं लावत. म्हणजे सगळी भिस्त एका गोष्टीवर होती, आपाला तलाक झालाय की नाही. झाला नव्हता. आम्ही निर्धास्त होतो.

मी कोर्टात गेल्याचं मौलानांना कळलं. ते रागावले नाहीत, पण माझ्याशी बोलायचे थांबले. मराठीचा तास दुपारच्या जेवणानंतर टाकला, जेव्हा ऐंशीच्या ऐंशी पेंगत असत. जुम्म्याला मात्र पूर्वीसारखेच कडाडत होते, घरचा झगडा कचेरीत नेणाऱ्यांबद्दल. मी मागच्या ओळीत बसून ऐकायचो.

पुढच्या तारखेला दुल्हेभाईंच्या वकिलाने एक कागद हजर केला. तलाकनामा. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्याची पाच तारीख. जळगाव मुक्कामी, मौलानांसमोर तलाक दिला, म्हणून खाली मौलानांची सही आणि मदरशाचा शिक्का.

त्याच आठवड्यात मुलांच्या बोर्डिंगवर स्लॅब टाकायला सुरुवात झाली होती. इतकी वर्षं पत्रे गळत होते. सिमेंट शेठच्या ट्रकमधून उतरत होतं आणि मौलाना गोण्यांना हात लावून बघत उभे होते. माणूस विकला गेला, एवढंच माझ्या मनात आलं. ज्याने आयुष्यभर जगाला चोर समजलं, तोच चोर निघाला. मला इतका संताप आला होता की त्यांच्यासमोर जाऊन ओरडायचं होतं. मी फक्त नोकरी सोडली. राजीनाम्यावर मुद्दाम नुसती इंग्रजी तारीख घातली.

घरी तलाकनाम्याची झेरॉक्स आपासमोर ठेवली. तिला मराठी-इंग्रजी फारसं येत नव्हतं. मी तारीख वाचून दाखवली. तिने शिवण बाजूला ठेवली.

"मई?" ती म्हणाली. "उस साल मई में तो रोजे थे. मुन्नी पेट में थी, डाक्टरनी मना करी थी, फिर भी मैंने रखे. सहरी के वास्ते मैं इनकू खुद उठाती थी रोज. ये रावेर में ही थे, कहीं नहीं गए."

मी कागद पुन्हा हातात घेतला. मे महिन्यात रमजान! रमजानमध्ये मदरसा बंद असतो. त्याच्या आधीच्या महिन्यात, शाबानच्या मध्यालाच मुलं ट्रंका घेऊन घरी जातात, आणि मौलाना दरवर्षी महिनाभर सुरतेला जातात, तिथल्या व्यापाऱ्यांकडे मदरशासाठी मदत मागायला. गळ्यातल्या शिक्क्यासकट. शेठनी कॅलेंडरवर एक सोयीची तारीख धरली होती. आमचे महिने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतात, दोन वर्षांपूर्वी त्या तारखेला रोजे होते, हे ट्रकच्या आणि केळीच्या हिशेबात त्यांच्या लक्षात आलं नसणार.

पण मौलानांच्या? मी कागद उजेडात धरला, अगदी त्यांच्यासारखा. सही होती. शिक्का होता. इंग्रजी तारीख होती, त्यांच्याच बारीक अक्षरात. तिच्यावर, जिथे चांदाची तारीख असायची, तिथे कोरी जागा होती.

नानांनी मौलानांना साक्षीला बोलावणं काढलं. "येणार नाही तो," मी म्हणालो. "आला तर खोटं बोलेल."

ते आले. येताना स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन आले. कोर्टाच्या बाकावर आधी रुमाल अंथरला, मग बसले. समन्सचा कागद उन्हाकडे धरून बघत होते, तेव्हा बेलीफसुद्धा हसला. मागच्या बाजूला शेठ आणि कमिटीची माणसं होती. दुल्हेभाई माझ्याकडे बघत नव्हते. आपा अम्मीशेजारी बुरख्यात बसली होती, मुन्नी तिच्या मांडीवर झोपलेली.

नानांनी कागद पुढे केला. "सही तुमची?"

"जी."

"शिक्का?"

"मेरा."

"पाच मेला तुम्ही कुठे होता?"

मौलानांनी डोळे मिटले. मुलांचा पाठ ऐकताना मिटत तसे. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत गेला. मागे शेठ खाकरले. मला वाटलं, आता हा माणूस जळगाव म्हणणार आणि आपाचं सगळं संपणार.

"उस दिन छठा रोजा था," मौलाना म्हणाले. "मैं सूरत में था."

"आणि शिक्का?"

"मेरे गले में."

"मग हा कागद पाच मेला जळगावात कसा झाला?"

"नहीं हुआ."

टायपिस्टचा हात थांबला. मॅजिस्ट्रेटांनी मान वर केली. "मग कधी झाला?"

"इस साल. मुकदमे के बाद. शेठ तारीख बोले, मैंने लिखी. मुहर मैंने लगाई." एवढं बोलून त्यांनी डोळे उघडले आणि मॅजिस्ट्रेटांना म्हणाले, "मैं अब भी कहता हूं, ये मामला आपके यहां का नहीं है. लेकिन आपने दिन पूछा. दिन तो मैं गलत नहीं बता सकता."

शेठ उठून निघून गेले. पुढे दोन-तीन तारखा झाल्या आणि निकाल लागला. त्या तारखेला तलाक झाल्याचं सिद्ध होत नाही, सबब आपाला आणि मुन्नीला दरमहा पोटगी. रक्कम मोठी नव्हती. पण अम्मी त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली.

मौलानांना कमिटीने महिन्याच्या आत काढलं. खोट्या कागदावर शिक्का मारला म्हणून, असं ठरावात लिहिलं. ठराव मांडला शेठनी. बोर्डिंगच्या खांबांतून वर आलेल्या सळया पुढची कितीतरी वर्षं तशाच गंजत होत्या.

मला मात्र चैन पडेना. शेठला घाबरून शिक्का मारला की पत्रे गळतात म्हणून मारला, ते एक वेळ कळेल. पण चांदाची तारीख का गाळली? खोट्यात ती वापरायची नव्हती म्हणून? की आपल्याच कागदात कोणीतरी हात घालून उपटावा असा धागा मुद्दाम सोडून ठेवला होता? की सरळ घाईत राहिली, आणि मी उगाच त्या माणसाला चांगला ठरवू पाहतोय? माझ्या डोक्यात हे सारखं फिरत राही.

दीड वर्षाने कळलं, ते धुळ्याजवळच्या एका खेड्यात मशिदीत मुलांना शिकवतात. मी गेलो. ओट्यावर सात-आठ पोरं डोलत होती. मौलाना वाळले होते. मला बघून त्यांनी पहिल्यांदा माझ्या मागे बघितलं, आणखी कोणी आहे का म्हणून. सलाम झाला, चहा झाला. मग मी विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "मास्टर, हा सवाल तुना शे की तुन्या बहिनना?"

"माझा."

"तो इसका जवाब तुमको नहीं दूंगा," ते उर्दूत म्हणाले. "जिसका घर था, वो आकर पूछे. पर्दे के पीछे से पूछे. उसको बताऊंगा."

मी धावत परत आल्यासारखा घरी आलो. आपा मशीनवर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, उद्या सकाळच्या गाडीने जाऊ, मुन्नीलाही घेऊ, फक्त एकदा विचार, मला हे कळलंच पाहिजे. ती दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर तिने दातांनी टोक तोडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मुहर मारते वक्त वो मेरेकू पूछने आए थे क्या?" ती म्हणाली. "फिर मैं कायकू जाऊं उनकू पूछने?"

मी परत धुळ्याला गेलो नाही.